वच्छलाच्या भुवया

चित्रातल्या बाईला भुवयाच नव्हत्या, आणि वर्गातल्या बाकीच्या अकरा जणांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. नत्थुजींनी मात्र पहिल्या नजरेतच हेरलं. हेरणारच. चाळीस वर्षं या माणसाने दुसरं केलं काय होतं? अकोल्याच्या टिळक रोडवर फोटो स्टुडिओ टाकून लोकांच्या भुवया कोरल्या, गालावरचे डाग काढले, काळ्याचे गोरे केले. फोटोच्या धंद्यात याला टचिंग म्हणतात. मोबाइल आले आणि धंदा बसला, पण डोळा काही बसला नाही.

"काका, तुम्ही सांगा. व्हॉट डू यू सी?" जेबा मॅडमनी विचारलं.

मॅडम म्हणजे पंचविशीची पोरगी. अमरावतीत वलगाव रोडला वडिलांच्या घराच्या वरच्या खोलीत ती इंग्रजी बोलायचा वर्ग चालवायची. तिची पद्धत जगावेगळी होती. पाठांतर नाही, व्याकरण नाही. भिंतीवर एक चित्र चिकटवायचं आणि महिनाभर त्याच्यावरच बोलायचं. या महिन्यात मोनालिसा होती. आधी दिसतं ते सांगायचं, फोरहेड, चिन, डोक्यावरची ती पातळ ओढणी म्हणजे व्हेल. मग वाटतं ते सांगायचं, शांत म्हणजे सिरीन, गूढ म्हणजे मिस्टीरियस. पंपावरचा मॅनेजर, ब्युटी पार्लरवाली आरती, बँकेच्या परीक्षेची पोरं, सगळे त्या बाईकडे बघून इंग्रजी बोलत होते, आणि ती आपली हातावर हात ठेवून सगळ्यांचं ऐकून घेत होती.

"नो आयब्रो," नत्थुजी म्हणाले.

वर्ग हसला. मग एकेक जण उठून जवळून पाहून आला. खरंच नव्हत्या. जेबा मॅडम म्हणाल्या की कोणी म्हणतं त्या काळी बायका काढून टाकायच्या, कोणी म्हणतं चित्र साफ करता करता पुसल्या गेल्या. खरं कोणालाच ठाऊक नाही.

"मंग पाचशे वर्सांत कोनी कोरून कावून नाई देल्या?"

"कोणी हात लावू देईल का काका? जशी आहे तशीच ठेवायची असते."

नत्थुजी खाली बसले. पुढचा अर्धा तास मॅडम काय बोलल्या त्यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, सत्तरीच्या माणसाला इंग्रजीचं असं काय अडलं होतं? अडलं होतं नातीपायी. पोरगी रागिणी आयर्लंडात नोकरीला. तिने घेऊन दिलेल्या अमरावतीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नत्थुजी एकटे राहायचे. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. नात आचल नऊ वर्षांची, मराठी समजायची थोडी, बोलायची त्याहून थोडी. मागच्या महिन्यात तिला शाळेतून काम मिळालं, घरातल्या अशा माणसाचं चित्र काढा ज्याला तुम्ही कधी पाहिलं नाही. तिने आजोबांच्या खांद्यामागे बोट दाखवलं. भिंतीवर त्यांच्या बायकोचा, वच्छलाचा, हार घातलेला मोठा फोटो होता.

"आजोबा, शी लुक्स लाइक अ डॉल," आचल म्हणाली. "डिड शी रिअली लुक लाइक दॅट?"

डॉल एवढं त्यांना कळलं. बाकीचं रागिणीने सांगितलं, आई खरंच अशी होती का म्हणून विचारून राहिली. नत्थुजी म्हणाले, येस, येस. कॉल संपल्यावर ते फोटोसमोर खुर्ची घेऊन बसले आणि त्यांना लाज वाटली. लहान लेकराशी खोटं बोललो म्हणून तर वाटलीच. पण फोटोतल्या बाईच्या मागे जी खरी बाई होती ती त्यांना आठवेना, म्हणून जास्त वाटली.

वच्छलाला कॅमेरा आवडत नसे. लहानपणी देवी आल्या होत्या, गालभर व्रण. एक डोळा जरासा बाहेरच्या बाजूला जायचा. रंग काळा, आणि दोन भुवया नाकाच्या वर एकमेकींना जाऊन भिडलेल्या. लग्नाच्या फोटोत तिने पदर नाकापर्यंत ओढलेला. फोटोवाल्याची बायको असून ती म्हणायची, "माहा काय फोटू काढता, गिऱ्हाइकं भेतीन." एकदाच तिला खुर्चीवर बसवलं. रागिणी चार वर्षांची होती तेव्हा. त्याच पावसाळ्यात कावीळ डोक्यात गेली आणि वच्छला संपली.

तेरवीला फोटो पाहिजे होता. नत्थुजींनी निगेटिव्ह घेतली आणि काचेच्या मेजावर ठेवली, खालून उजेड, हातात ब्लेड आणि टोक काढलेली पेन्सिल. असं समजू नका की त्यांना ती आवडत नव्हती. जीव होता तिच्यावर. जन्मभर जी आपलं तोंड लपवत आली, तिला एकदा तरी मनासारखं रूप द्यावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. एकेक व्रण पेन्सिलीने भरला. डोळा ब्लेडने खरडून सरळ केला. भिडलेल्या भुवयांमधले केस पेन्सिलीने झाकले. रंग उजळला. दोन दिवस बसून त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं, रडत रडत केलं. खरडलेली निगेटिव्ह पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

तेरवीला पाहुणे म्हणाले, काय फोटो निघाला वच्छलाचा. मग मोर्शीहून आलेली तिची आई फोटोसमोर येऊन उभी राहिली. म्हातारीने बराच वेळ पाहिलं. मग मागे वळून शांतपणे विचारलं, "हे कोन व्हय, नत्थुजी?"

तीस वर्षं झाली त्याला. तेवढीच वर्षं रोज उदबत्ती लावून लावून तीच फोटोतली बाई डोळ्यांत बसली, आणि खरी हळूहळू निघून गेली. नत्थुजींना स्वप्न पडलं तरी त्यात फोटोतली यायची. आपल्याच हाताने आपल्या बायकोला दुसऱ्यांदा घालवून बसलेला माणूस होता तो, दुसरं काय म्हणायचं.

आणि एक गोष्ट याहून वाईट होती. रागिणी आठवीत असताना एकदा बाथरूममधून कपाळावर रक्त घेऊन बाहेर आली. बापाच्या टचिंगच्या ब्लेडने तिने दोन भुवयांमधले केस खरडले होते. "आईसारख्या करून रायली होती," ती म्हणाली. "मी काई आईवर गेलीच नाई. मी कोनावर गेली, बाबा?" नत्थुजींनी जखमेवर हळद दाबली आणि म्हणाले, "तू आपल्या आजीवर गेली." त्या दिवशी सांगायला हवं होतं. मग ती मोठी झाली, महिन्याच्या महिन्याला पार्लरमध्ये जाऊन भुवया नीट करून घेऊ लागली, आणि सांगायचं राहूनच गेलं.

म्हणून इंग्रजी. रागिणीला वऱ्हाडीत सांगायची त्यांची छाती होत नव्हती. पण नातीला, तिच्या भाषेत, शिकलेल्या शब्दांतून सांगितलं तर सांगता येईल असं त्यांना वाटलं. परक्या भाषेत लाज जरा कमी वाटते. चित्र द्यायला तीन रविवार उरले होते.

भुवयांच्या त्या दिवसानंतर मॅडमनी घरचा अभ्यास दिला: घरातला एक फोटो घ्या आणि मोनालिसावर शिकलेले शब्द वापरून दहा वाक्यं लिहा. नत्थुजींनी भिंतीवरच्या फोटोवरच लिहिलं. शी हॅज अ फेअर फेस. हर स्किन इज स्मूथ. हर गेझ इज सिरीन. मॅडमनी वहीवर दहापैकी दहा दिले आणि वर्गाला वाचून दाखवलं. आरती म्हणाली, "काकू सुंदरच होत्या हो."

वर्ग सुटला तरी नत्थुजी बसून राहिले.

"काय झालं काका?"

"मॅडम, हे सारं खोटं हाय. मले दुसरे शब्द पायजेत."

"कोणते?"

"देवीच्या व्रनाले काय म्हन्तेत?"

मॅडमनी सांगितलं, पॉकमार्क्स. त्यांनी लिहून घेतलं. मग काळ्या रंगाला काय म्हणतात, भिडलेल्या भुवयांना काय म्हणतात, डोळा बाहेर जातो त्याला काय म्हणतात. तिसऱ्या शब्दाला जेबा मॅडमचा हात फळ्यावर थांबला.

"काका, असे शब्द कोणाच्या चेहऱ्याबद्दल बोलत नाहीत. लोकांना वाईट वाटतं. मी वर्गात शिकवतच नाही हे."

"माह्या बायकोचा चेहरा हाय मॅडम. तुमचे चांगले शब्द मी सारे लावून पायले. त्यात थे बसत नाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ब्लेड, पेन्सिल, सासूचा प्रश्न. सांगून झाल्यावर जेबा मॅडमनी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: पॉकमार्क्स. डार्क. जॉइन्ड आयब्रोज. स्क्विंट. आणि प्रत्येक शब्द त्यांच्याकडून पाच-पाचदा म्हणून घेतला. पॉकमार्क्स म्हणताना नत्थुजींची जीभ अडखळायची. पाचव्यांदा शब्द नीट निघाला, आणि काय सांगावं, वच्छलाचा गालच त्यांच्या बोटांखाली आला. डोळ्यांना नाही, बोटांना आठवला. चेहऱ्याला गोडं तेल लावून बसायची ती, तेव्हाचा तो खडबडीत गाल. वर्गाच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर सत्तर वर्षांचा माणूस आपल्या बोटांकडे बघत राहिला.

"आता डोळा," मॅडम म्हणाल्या. "राइट आय की लेफ्ट आय?"

नत्थुजी बोलायला गेले आणि थबकले.

उजवा की डावा? त्यांना ठाऊक नव्हतं. बायकोचा डोळा हो! पण निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं तसं उजव्याचं डावंही होतं, आणि त्या डोळ्यावर त्यांनी शेवटचं काम केलं होतं ते निगेटिव्हमध्येच. भिंग लावून दोन दिवस पाहिलेला तो उलटा डोळा आणि संसारात पाहिलेला सरळ डोळा, दोन्हींची डोक्यात सरमिसळ झाली होती. एक म्हणावं तर दुसरा खरा वाटायचा. घरी येऊन रात्रीपर्यंत त्यांनी आरशासमोर उभं राहून दोन्हीकडून करून पाहिलं. शेवटी स्वतःवरच चिडले. बायकोचा डोळा विसरणाऱ्याला कशाला हवं इंग्रजी?

सकाळी त्यांनी अकोल्याची एसटी धरली. एकाच माणसाला विचारण्यासारखं होतं, गयासुद्दीनला.

गयासुद्दीन फ्रेमवाला. अठरा वर्षं त्याने नत्थुजींच्या स्टुडिओतच एका कोपऱ्यात बसून लाकडाच्या पट्ट्या कापल्या, काचा बसवल्या. वच्छलाच्या फोटोची फ्रेमही त्याचीच. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. गयासुद्दीन मागच्या गल्लीत घरीच काम करायचा, तेही हात चालतील तेवढं. नत्थुजींना पाहून त्याने बायकोला, रजियाबीला, चहा टाकायला सांगितलं, आणि एवढ्या दुरून हा माणूस काय विचारायला आला ते ऐकल्यावर पट्टी कापणं थांबवलं.

"नत्थुभाऊ, तुमी विसरले?"

"विसरलो, बापा. लाज वाटते, पन विसरलो."

"मले पक्कं याद हाय. कावून याद हाय ते सांगतो." गयासुद्दीनने हातातली पट्टी खाली ठेवली. "वैनी डब्बा घेऊन यायच्या. दारात उभ्या रायच्या. तुमचं मेज समोर, खिडकीपाशी. माहा कोपरा दारातून आत आलं का उजव्या हाताले. बरोबर?"

"बरोबर."

"पयले पयले मले वाटे, वैनी माह्याकडं पाहून रायल्या. मी म्हनो, हो वैनी, जेवतो मी बी, बसा. आन् त्या बोलत असत तुमच्याशी. तुमचं ध्यान कुठी, तुमी आपले मुंडी खाली घालून लोकाच्या बायका गोऱ्या करून रायले. एक दिवस त्या हासल्या. म्हन्ल्या, गयासभाऊ, तुमच्याकडं पायते थो डोळा कामाचा नाई. कामाचा तिकडं हाय, पन तिकडचा मानूस मान वर करत नाई."

चहा आला. नत्थुजींनी कप उचलला आणि परत ठेवला.

"म्हंजे उजवा," ते म्हणाले.

"उजवा," गयासुद्दीन म्हणाला. "डावा तुमच्यावर रायचा. आल्यापासून जाईस्तोवर."

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत नत्थुजींनी खिडकीकडे तोंड करून ठेवलं, शेजारच्याने पाहू नये म्हणून. दारात डबा घेऊन उभी असलेली वच्छला त्यांना आता स्पष्ट दिसत होती. काळी, व्रणांची, भिडलेल्या भुवयांची, एक डोळा गयासुद्दीनच्या पट्ट्यांवर आणि एक आपल्यावर. किती वर्षं ती तशी उभी राहिली असेल, आणि आपण मान वर करून किती वेळा पाहिलं असेल? एकदा तरी आता दारात येऊन उभी राहावी, असं त्यांना फार वाटलं. डबा नको, काही नको. नुसतं उभं राहावं. त्यांनी मान खाली घातली नसती.

रविवारी संध्याकाळी त्यांनी फोटोवरचा हार काढला, फोटो उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून पलंगामागे ठेवला. मग कॉल लावला. आचल कागद-पेन्सिल घेऊनच बसली होती. मागे ओट्यापाशी रागिणीचं काही तरी काम चाललं होतं.

"व्हेअर इज आजी?" आचलने रिकाम्या भिंतीकडे बोट केलं.

"दॅट इज नॉट आजी," नत्थुजी म्हणाले. वाक्य पाठ केलेलं होतं. "आय मेड दॅट. नाऊ आय टेल यू रिअल आजी. यू ड्रॉ."

रागिणीचे हात थांबले.

"फेस राउंड. बिग फोरहेड. कलर डार्क. व्हेरी डार्क, व्हेरी नाइस. हिअर, हिअर, हिअर, पॉकमार्क्स. मेनी. आय रिमूव्ह देम. माय मिस्टेक." आचल खाली मान घालून काढत होती, मधूनच वर बघत होती. "राइट आय, स्क्विंट. गोइंग आउट. लेफ्ट आय लुकिंग."

"लुकिंग ॲट व्हॉट?"

याचं उत्तर वहीत नव्हतं. पण त्यासाठी शब्द शोधावे लागले नाहीत.

"ॲट मी," नत्थुजी म्हणाले.

आचलने डोळे काढले. मग विचारलं, "अँड आयब्रोज?"

नत्थुजींनी दोन्ही हातांची एकेक तर्जनी उचलली आणि नाकाच्या वर एकमेकीला टेकवली. "जॉइन्ड. लाइक धिस. नो गॅप."

रागिणी केव्हा येऊन पोरीच्या मागे उभी राहिली ते त्यांना कळलं नाही. आचलने कागद उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. लेकराचंच चित्र ते. व्रण मोठाले ठिपके झाले होते, उजवा डोळा पार कानाकडे पळाला होता, आणि भुवया कपाळभर एकच जाड रेघ.

"द आय इज टू फार," आचल म्हणाली आणि तिने खोडरबर उचललं. "शॅल आय फिक्स इट?"

"नो," नत्थुजी म्हणाले. "नको बाई. हात नको लावू. डोन्ट टच."

रागिणीने पोरीच्या हातातून कागद घेतला. तिचं पार्लरला जाणं या महिन्यात राहून गेलेलं दिसत होतं. नाकाच्या वर बारीक काळे केस उगवले होते, आणि त्यांच्या मधोमध आठवीतल्या त्या जखमेची पांढरी रेघ. तिने अंगठा तिथे ठेवला, चित्राकडे पाहिलं, परत ठेवला.

"बाबा," ती म्हणाली. आवाज लहान झाला होता. "मंग मी आईवर गेली होती?"

नत्थुजींनी मान खाली घातली नाही. आचल आईकडे आणि आजोबांकडे बघत होती. तिच्यासाठी आता इंग्रजीत सांगायला हवं होतं, पण एकही शब्द आठवेना.

"पुरी," ते म्हणाले. "पुरी आईवर गेली, बेटा."